दर फुटाला पाव इंच

पहिला आकडा श्रीरंगने पेपरच्या समासात लिहिला होता :
साठ हजार.
तो पेपर रद्दीत गेला. बरंच झालं.

ओवळ्याच्या आमच्या रो-हाउसमागे,
डोंगराकडे तोंड करून, बारा बाय अठराचं पाणी आहे.
पोहायला नव्हे. गुडघे बदलले तेव्हा डॉक्टर म्हणाले,
आता रोज अर्धा तास पाण्यात चाला.
म्हणून तो चालतो,
बँकेत चालायचा तसाच, हात मागे बांधून.

पाण्याचा खर्च आम्ही धरला होता.
काठाचा धरला नव्हता.

कोलशेत रोडच्या दुकानात त्याने निवडली निळी,
आरशासारखी, फुटाला अठ्ठावन्न.
निसार मिस्त्रींनी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं.
"मला नका विचारू साहेब. ओल्या पायाला विचारा."
ओल्या पायाने लगेच सांगितलं.
दुकानदाराने कोपर धरलं म्हणून निभावलं.
मग राखाडी, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी :
फुटाला ब्याण्णव.

मिस्त्री उकिडवे बसून काठ मोजत गेले.
चारी बाजूंना चार फूट, म्हणजे तीनशे चार.
नळाकडचं अंगण एकशे चाळीस.
त्यावर दहा टक्के तुटीचे.
कसली तूट?
"कोपऱ्यांची, बाई. कोपरे फरशी खातात."
कडेचा गोल दगड साठ फूट, दोनशे दहाने.
मजुरी पासष्ट. खालचं वॉटरप्रूफिंग, चिकटवायचा माल,
सांध्यांत इपॉक्सी,
कारण साधं सिमेंट क्लोरीन दोन वर्षांत चाटून टाकतं.
टेम्पो. टेम्पोतून उतरवायचे निराळे.
एक लाख वीस हजार आठशे छप्पन्न.
श्रीरंग म्हणाला, वरचे छप्पन्न सोडा.
मिस्त्रींनी सोडले, हसले नाहीत.

"दोन पेट्या जास्तीच्या घेऊन ठेवा.
हा लॉट परत मिळत नाही. नंबर तोच येतो, रंग दुसरा येतो."
श्रीरंग म्हणाला, कशाला, आपण असे किती वर्षं...
आणि चष्मा पुसायला लागला.
भिशीच्या पैशांतून मी पेट्या घेतल्या.
जिन्याखाली आहेत, जुन्या चादरीखाली.
त्याला माहीत आहे. मला माहीत आहे की त्याला माहीत आहे.

कौशाहून सकाळी आठला यायचे, पुतण्या तौसीफला घेऊन.
दोरी ताणायचे, एक डोळा मिटायचे.
"दर फुटाला पाव इंच उतार. पाण्यापासून लांब.
माणसाला दिसत नाही हा. पाण्याला दिसतो."

अकराव्या दिवशी खिशातून रुपया काढला
आणि एकेका फरशीवर वाजवत गेले.
टण. टण. टण.
पायरीजवळ : ठप.
तौसीफ खाली बघत राहिला.
"आज काही होणार नाही. एक दिवस वजन पडेल, तेव्हा होईल."
छिन्नीने उखडली. नवी बसवली. तिचे पैसे लावले नाहीत.

त्या रात्री झोप येईना.
रुपया घेऊन मी घरभर फिरले, अंधारात, अनवाणी.
स्वयंपाकघर भरीव. देवघरासमोर भरीव.
फ्रीजपुढे एक पोकळ.
आणि एक पलंगाच्या त्याच्या बाजूला,
जिथे तो सकाळी पाय टेकवतो
आणि उठण्याआधी थोडा वेळ नुसता बसतो.
चौदा वर्षं त्यावरून झाडू फिरवला मी.
रुपया डब्यात टाकला. कुणाला बोलले नाही.

आता संध्याकाळी काठावर खुर्ची टाकून बसते.
शिंतोडे येतात, क्षणभर थांबतात,
आणि न दिसणाऱ्या उताराने आंब्याच्या आळ्यात जातात.
पाण्यातून तो विचारतो, किती झाले गं?
एक लाख वीस हजार आठशे.
"अगं, फेऱ्या!"

सतरा, मी म्हणते.
मोजल्या नव्हत्या.